रात्रपाळीचा कोट

ते साल एकोणीसशे शहाण्णव. त्या वर्षी थंडी अशी पडली की नळाचं पाणी हाताला चावायचं आणि गॅलरीत वाळत घातलेले लंगोट संध्याकाळी पुठ्ठ्यासारखे उचलून आणावे लागत. त्या थंडीच्या ऐन तोंडावर, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, आईबापांच्या लग्नाच्या अकराव्या वर्षी, एक बाळ राहायला आलं.

बाळाचे वडील सरकारी कचेरीत भांडारपाल होते. टाचण्या, शाईच्या बाटल्या, फायली, खुर्च्या, पहारेकऱ्यांचे कोट, सगळं त्यांच्या कुलपाखाली. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी घरी एक टाचणीसुद्धा आणली नव्हती. शर्टाला चुकून अडकून आली तर दुसऱ्या दिवशी नेऊन जमा करत. इमारतीत त्यांना सगळे पावतीसाहेब म्हणत. शेजाऱ्याला शिडी दिली तरी ते पावती घेत आणि शिडी परत आली की ती पावती त्याच्या डोळ्यांदेखत फाडत. लोक हसत, पण शिडी मात्र त्यांच्याकडेच मागत, कारण बाकी कोणाची शिडी जागेवर नसे.

बाळासाठी पाळणा होता. पण पाळण्यात ठेवलं की ते तीन मिनिटं छताकडे बघे आणि मग साऱ्या इमारतीला कळवे. आईच्या कुशीत मात्र गप्प. तेव्हा आई, बाळ आणि पावतीसाहेब एकाच अंथरुणावर झोपू लागले आणि तिसऱ्या आठवड्यात दवाखान्याच्या सिस्टर बाळाचं वजन करायला घरी आल्या.

सिस्टरांनी आधी वजन केलं आणि मग अंथरूण पाहिलं. मऊ गादी, चार उशा, दोन रजया, वर एक शाल. मग म्हणाल्या, शेजारी झोपवायचंच असेल तर नीट झोपवा. त्यांनी पलंग काढायला लावला, मऊ गादी बाहेरच्या खोलीत धाडली आणि कडक कापसाची गादी भिंतीपासून दूर, जमिनीवर घातली. उशा दूर. बाळ पाठीवर, आईच्या बाजूला. दोघांच्या मध्ये नाही. बाळाला त्याचे स्वतःचे कपडे पुरेत, डोकं उघडं, अंगावर मोठ्यांचं पांघरूण अजिबात नाही. आईची रजई कमरेपर्यंत, त्याच्या वर नाही. खोलीत शेगडी नको, बाळ असताना अंथरुणात गरम पाण्याची पिशवी नको. बाळाला थंडी वाजते का हे हातपाय बघून ठरवू नका. मानेमागे दोन बोटं ठेवून बघा.

एवढं सांगून त्या पावतीसाहेबांकडे वळल्या. बिडी, सिगारेट, दारू, झोपेची गोळी? पावतीसाहेब म्हणाले, जन्मात नाही. सिस्टर म्हणाल्या, श्वास सोडा बघू. आणि स्वतःची आई, बायको आणि समोरच्या मावशी यांच्या देखत पावतीसाहेबांनी श्वास सोडला. सिस्टरांनी वास घेतला आणि म्हणाल्या, "ठीक आहे." हे दोन शब्द पावतीसाहेबांना पुढे कित्येक वर्षं टोचत राहिले. त्यांच्या शब्दाची आजवर कोणी प्रत्यक्ष तपासणी केली नव्हती.

तरी माणूस नियमाचा. सिस्टरांचं सगळं म्हणणं त्यांनी अकरा कलमांत बसवलं, वर 'विषय: बाळाशेजारी झोपणेबाबत' असं लिहिलं आणि ते परिपत्रक कपाटाच्या दारावर चिकटवलं. पुढचं सगळं रामायण घडलं ते त्यातल्या सातव्या कलमामुळे. कलम सात: पांघरूण कमरेच्या वर येता कामा नये.

ज्याने हे कलम पाळून पाहिलेलं नाही त्याला ते साधं वाटेल. बायकोचा कमरेखाली उन्हाळा आणि कमरेवर बर्फ. बाळाच्या डोक्यावरून जो हात उशीसारखा वळवायचा, तो खांद्यापासून बोटांपर्यंत उघडा. स्वेटर घालायचा तर दूध पाजताना तो वर घ्यावा लागे आणि मग पाठ उघडी पडे. समोरून उघडणारा एक स्वेटर होता, पण तो लग्नाआधीचा. त्याची बटणं आता एकमेकांना लांबूनच ओळखत. शाल तोंडावर पडते म्हणून सिस्टरांनी आधीच बाद केलेली. पंधरा दिवसांत बायकोचा उजवा खांदा असा धरला की हात कानापर्यंतही जाईना. केस मोकळे ठेवायचे नाहीत हे कलम नऊ होतं, त्यामुळे वेणी घालायचं काम पावतीसाहेबांकडे आलं. पहिली वेणी उजव्या कानामागून निघाली. पण आठवडाभरात ते इतकी सरळ वेणी घालू लागले की मावशींनी ती उभं राहून पाहिली.

पावतीसाहेबांची आई मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिवणबाई होती. तिला या सगळ्याचं नवल वाटे. बाळ माझ्या रजईत द्या, ती म्हणायची, मी याला तसाच वाढवलाय. असं म्हणून ती मुलाकडे बोट दाखवी, आणि ते बोट नक्की कोणत्या बाजूचा पुरावा आहे हे पावतीसाहेबांना कधी ठरवता आलं नाही.

अशात बायकोचा थोरला भाऊ बाळाला बघायला आला. हे दादा हेडमास्तर होते. बहिणीला कप उचलण्यासाठी डावा हात पुढे करताना पाहून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि निकाल दिला. त्यांच्या घराच्या खोल्या लहान होत्या, उबदार होत्या. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो. बहीण आणि बाळ थंडी संपेपर्यंत तिकडे. तीन महिने.

पावतीसाहेबांची आई म्हणाली, तेही बरंच. पावतीसाहेबांनी कॅलेंडरवरचे तीन महिने मोजले. कचेरीतून आल्यावर कोमट पाण्याने हात धुवायचे, बाळाच्या मानेमागे दोन बोटं ठेवायची आणि सिस्टरांच्याच आवाजात "ठीक आहे" म्हणायचं, ही त्यांची सवय झाली होती. ते ऐकलं की बाळ हसे. तीन महिन्यांत ते पालथं पडलं असतं, बसलं असतं, कदाचित एखादा दातही आला असता, आणि यातल्या कशाचीच नोंद त्यांच्याकडे झाली नसती.

"दादा, मला त्या रविवारपर्यंत मुदत द्या," ते म्हणाले. "तोवर हिचा खांदा मोकळा झाला नाही तर मी स्वतः बॅग खाली आणून देतो."

गृहपाठ न केलेल्या मुलाला द्यावी तशी दादांनी मुदत दिली.

पहिला उपाय समोरच्या मावशींचा. त्यांनी पाच मुलं वाढवली होती आणि सल्ला देताना त्या पाचांनाही साक्षीला बोलावत. अंथरूण आधी गरम करायचं, मग पिशवी काढून घ्यायची आणि मगच बाळाला ठेवायचं. हे परिपत्रकात बसत होतं. मावशींनी स्वतःची रबरी पिशवी दिली, पावतीसाहेबांनी पावती दिली. पिशवी मावशींच्या तिसऱ्या मुलाच्या वेळची होती आणि तो आता नोकरीला होता. दहा मिनिटांत तिने गादीच्या मधोमध एक तळं केलं. कापसाची गादी एकदा भिजली की पाहुण्यासारखी ठाण मांडून ओलीच राहते. दोन दिवस ती गच्चीवर होती आणि दोन रात्री सगळे सतरंजीवर. पिशवी फाटकी असताना 'सुस्थितीत मिळाली' अशी सही आपण का केली, याचं दुःख पावतीसाहेबांना थंडीपेक्षा जास्त झालं.

दुसरा उपाय त्यांचा स्वतःचा. बायको झोपेत थंडीने रजई वर ओढते आणि मग दचकून उठून खाली ढकलते. या ओढाताणीतच झोप जाते, असं त्यांचं निरीक्षण होतं. रजई कमरेवर कायम राहिली तर निदान झोप तरी होईल. तेव्हा त्यांनी रजईच्या पायाकडच्या दोन्ही टोकांना जाड दोरी शिवली आणि ती कपाटाच्या पायाला बांधायची म्हणून घेतली; पण ती अपुरी पडली, म्हणून जवळच्या दाराच्या कडीला बांधली. रात्र उत्तम गेली. पहाटे साडेपाचला आईने पाणी तापवायला म्हणून बाहेरच्या खोलीतून ते दार ओढलं, आणि रजई दाराबरोबर निघाली. आईला वाटलं दार फुगलंय. तिने अजून जोर लावला. बायको आणि बाळ जागच्या जागी राहिली, पण रजईत गुरफटलेले पावतीसाहेब उंबऱ्यापर्यंत गेले. आईने खाली पाहिलं आणि म्हणाली, आज कचेरीत लवकर जायचंय का?

ही बातमी दूधवाल्याबरोबर खाली गेली. तळमजल्यावर एक निवृत्त बँडमास्तर राहत. ते वर आले ते हातात लाल लोकरी कोट घेऊन. थंडीत उघड्यावर तास-तास वाजवायचं तर वरचं अंग गरम हवं, हे त्यांचं आयुष्याचं शास्त्र होतं. कोट समोरून उघडा, बाह्या जाड, आत अस्तर. बायकोने तो घातला आणि पाच मिनिटांत तिच्या चेहऱ्यावर रंग आला. पण त्याला सोळा पितळी बटणं होती आणि खांद्यांवर सोनेरी झालर. बाळाने झालर बघितली आणि झोपेचा विषय त्या रात्रीपुरता कायमचा मिटवला. शिवाय गुरुवारी आलेल्या सिस्टरांनी बटणं मोजली, झालर ओढून पाहिली आणि कोट स्वतःच्या हाताने बँडमास्तरांना परत केला. जाताना मात्र म्हणाल्या, कल्पना बरोबर आहे, कोट चुकीचा आहे.

हे वाक्य पावतीसाहेबांच्या डोक्यात रात्रभर फिरत राहिलं. पहाटे ते उठून बसले. भांडाराच्या मागच्या खोलीत, डांबराच्या गोळ्यांत, पहारेकऱ्यांचे बाद झालेले लोकरी कोट एकावर एक पडून होते.

दुसऱ्या कोणी एक कोट पिशवीत घालून आणला असता. पावतीसाहेबांनी नियम काढला. बाद कोट हंगामापुरता वापरायला मिळू शकत होता, पण फक्त रात्रपाळीच्या पहाऱ्यावरच्या व्यक्तीला, आणि नमुना अकरा तीन प्रतींत भरून. पावतीसाहेबांनी तो खरा-खरा भरला. पहारेकऱ्याचं नाव: बायकोचं. पहाऱ्याची जागा: घरचा पत्ता, आतली खोली. वेळ: रात्री नऊ ते सकाळी सहा. ऐवजाचं वर्णन: बाळ, नग एक, वय दोन महिने. वेतनाच्या रकान्यात त्यांनी रेघ मारली. कोट घेणाऱ्याच्या वतीने अर्ज करणारे तेच आणि कोट देणारेही तेच; म्हणून नियमाप्रमाणे त्यांनी हेडक्लार्ककडून सही घेतली. हेडक्लार्क समोर आलेला कागद सहसा खालून वर वाचत, आणि सहीची जागा खालीच असते.

मंगळवारी संध्याकाळी पावतीसाहेब कोट घेऊन घरी आले. कोट सुटा देता येत नाही, त्यामुळे बरोबर एक बॅटरी आणि एक शिट्टीही होती. बायकोने शिट्टी हातात घेऊन बघितली. "अहो, ही कधी वाजवायची?" तिने विचारलं. पावतीसाहेबांनी ती काढून घेऊन कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं.

कोट मात्र बायकोच्या मापाच्या माणसासाठी कापलेलाच नव्हता. पुढचे पल्ले गादीभर पसरत, कॉलर हनुवटीला लागे, खाली गुडघ्यापर्यंत लोकरच लोकर. बाळाशेजारी एवढं सैल कापड म्हणजे रजईच झाली. कात्री चालवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पावतीसाहेब कात्री घेऊन बसले आणि बसूनच राहिले. सरकारी मालमत्तेत कात्री घालायची म्हणजे एकोणीस वर्षं कापायची. अर्धा तास गेला. जप करता करता आईचं लक्ष त्यांच्याकडे होतं.

शेवटी आई उठली. मुलाची दया आली म्हणून नव्हे. तिने कोट उजेडात धरला, आतून बाहेरून पाहिला आणि म्हणाली, "हा खांदा कोणी लावलाय? माझ्या वर्गात असता तर उसवायला लावला असता." आणि तिने कात्री घेतली.

त्या रात्री मशीन अकरापर्यंत चाललं. कॉलर गेली, पुढचे पल्ले गेले, कमरेखालचं सगळं गेलं. उरल्या दोन बाह्या, दोन खांदे आणि पाठ, आतून जुन्या मऊ चादरीचं अस्तर. कुठे बटण नाही, नाडी नाही, लोंबणारं टोक नाही. अंगाला असं बसलं की हात हलवला तरी कापड हलेना. काढलेली आठ बटणं पावतीसाहेबांनी लिफाफ्यात घालून लाखेने बंद केली आणि सगळे तुकडे क्रमांक घालून बांधून ठेवले. आईने सुनेच्या अंगावर बाह्या ठाकठीक केल्या, खांद्यावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाली, "माझ्या वेळी मला कोणी कोट दिला नव्हता गं. म्हणून मी रजईत घ्यायचे. रात्र-रात्र जागी असायचे भीतीने." हे ती चाळीस वर्षांत पहिल्यांदाच बोलली होती.

बुधवारी बायको सलग तीन तास झोपली. पावतीसाहेब मात्र जागे होते, कारण सवय नव्हती.

गुरुवारी कचेरीत एक लिफाफा आला. नमुना अकराची तिसरी प्रत कुठे जाते, हे पावतीसाहेबांनी एकोणीस वर्षांत विचारलं नव्हतं. ती सुरक्षा शाखेत जात होती. सुरक्षा शाखेने बायकोचं नाव हंगामी पहारेकऱ्यांच्या यादीत चढवलं होतं आणि तसा आदेश काढला होता: पहारा हिवाळा संपेपर्यंत, बदली पहारेकरी आल्याशिवाय जागा सोडू नये, पहाऱ्याची अचानक तपासणी होईल.

पावतीसाहेब धावत हेडक्लार्ककडे गेले. हेडक्लार्क म्हणाले, आदेश रद्द करायला नमुना चौदा लागतो. नमुना चौदा संपले होते. ते छापून मागवायचे तर मागणी भांडारपालाने करायची, आणि छापून यायला दोन महिने. भांडारपाल कोण? तुम्हीच. मग करा मागणी. पावतीसाहेबांनी मागणी केली आणि स्वतःकडेच पाठवली.

शनिवारी रात्री दोन वाजता दार वाजलं. आईने उघडलं. दारात फिरते निरीक्षक, डोक्याला मफलर, हातात बॅटरी, बगलेत वही. या निरीक्षकांची कचेरीत मोठी दहशत होती. झोपलेला पहारेकरी सापडला की ते ओरडत नसत. हळूच त्याच्या ताब्यातली एखादी वस्तू उचलत आणि सकाळी निलंबनाच्या कागदाबरोबर ती परत करत. आदेश आहे तर तपासणी होणार. मग पहारा गोदामात असो की घरात. पावतीसाहेब उठून आले, त्यांनी सगळं समजावून सांगायला सुरुवात केली, पण ती नमुना अकरापासून केली, त्यामुळे निरीक्षक त्यांना ओलांडून पुढे गेले.

"थांबा," आई म्हणाली. "आधी हात धुवा. आणि आवाज कमी. ऐवज उठेल."

अख्ख्या खात्याला घाबरवणाऱ्या माणसाने रात्री दोन वाजता गार पाण्याने हात धुतले.

आत छोटा दिवा होता. बायको कुशीवर, गुडघे वर घेतलेले, उजवा हात बाळाच्या डोक्यावरून वळवलेला, रजई कमरेवर. डोळे मिटलेले. श्वास संथ. निरीक्षकांनी वही उघडली. पावतीसाहेबांना घाम फुटला. त्या थंडीत इमारतीत घाम आलेला तो एकटाच माणूस असेल. घराण्यात आजवर कोणी निलंबित झालं नव्हतं, आणि आता होणार होती ती बायको, जिने नोकरी मागितलीच नव्हती. निरीक्षक वाकले. बाळाच्या पायातला एक मोजा अर्धा निघाला होता. त्यांनी तो काढून घ्यायला दोन बोटं पुढे केली.

बोटं मोज्याला लागायच्या आत बायकोच्या उजव्या हाताने त्यांचं मनगट धरलं. डोळे मिटलेलेच होते. तीन आठवडे ज्या हाताने फणी उचलली नव्हती, तो खांद्यातून सरळ वर आला होता आणि पक्कडीसारखा आवळला होता.

"कोण?" ती म्हणाली.

"तपासणी," निरीक्षक कुजबुजले.

"मोजा सोडा," ती म्हणाली. मग हात सोडला, बाळाच्या मानेमागे दोन बोटं ठेवली आणि पुन्हा झोपली. सकाळी तिला यातलं काही आठवत नव्हतं.

निरीक्षकांनी उंबऱ्यावर बसून शेरा लिहिला: 'पहारेकरी आडवी, परंतु पूर्ण सावध. ऐवज सुरक्षित व उबदार. गणवेशात फेरफार आढळला. कामाच्या दृष्टीने योग्य.' शेऱ्याची एक प्रत आईच्या हातात देऊन, मनगट चोळत ते जिना उतरले. आईने त्यांना वरून सांगितलं की तिसरी पायरी मोडकी आहे.

रविवारी सकाळी दादांची गाडी आली. बँडमास्तर खाली उभे राहून ती मागे घ्यायला हातवारे करत होते आणि गाडी त्यांच्या तालावर दोनदा भिंतीला लागली. दादा वर आले तेव्हा बहीण खिडकीशी उभी राहून स्वतःचे केस विंचरत होती. दोन्ही हात डोक्यावर. दादांनी ते पाहिलं, पण गाडी आणली होती, सोमवारची रजा टाकली होती. बॅग भरली का, त्यांनी विचारलं.

"दादा, मला येता येणार नाही," ती म्हणाली. "ड्यूटी आहे."

आणि तिने आदेश पुढे केला. बायकोने तो कपाटातून कधी काढला हे पावतीसाहेबांना कळलंच नव्हतं. दादांनी तो तीनदा वाचला. जावक क्रमांक पाहिला, शिक्का पाहिला. मग जोडलेला शेरा वाचला. हेडमास्तर माणूस, शिक्का असलेल्या कागदापुढे त्यांचा आवाज आपोआप खाली येत असे.

"बदली पहारेकरी मिळणार नाही का, भावोजी?" त्यांनी विचारलं.

पावतीसाहेबांच्या आधी आई बोलली. "मी अर्ज केलेला नाही," ती म्हणाली आणि गुंडाळलेलं बाळ उचलून दादांच्या मांडीवर ठेवलं. "मानेमागे बघा. हात धुतलेत ना?"

दादांनी दोन बोटं ठेवली. बराच वेळ ठेवली. मग म्हणाले, "ठीक आहे." बाळ हसलं.

पुढे दादा दरवर्षी थंडीत स्वतःच येऊन राहत. त्यांच्या उबदार खोल्या त्यांना एकट्याला मोठ्या वाटू लागल्या होत्या. समोरच्या मावशी मुलाकडे परगावी गेल्या, जाताना फुटकी पिशवी आठवण म्हणून देऊन. तिची पावती पावतीसाहेबांनी त्यांच्यासमोर फाडली. बँडमास्तरांनी लाल कोट बाळाला सातव्या वाढदिवसाला दिला. सिस्टरांनी कोटाचं माप उतरवून घेतलं आणि आईने तसे अकरा कोट दवाखान्यातल्या बायकांसाठी शिवले, अकरावा मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात. ती गेली तेव्हा मशीनवर बारावा अर्धा राहिला होता. तो सुनेने पुरा केला. निरीक्षक निवृत्त होईपर्यंत नव्या पहारेकऱ्यांना एक गोष्ट सांगत आणि सांगताना डावं मनगट धरत.

हिवाळा संपल्यावर पावतीसाहेब कोट जमा करायला गेले, पण कोट अपुरा होता आणि अपुरी वस्तू जमा करून घ्यायची नाही हा त्यांचाच नियम. त्यांनी स्वतःला परत पाठवलं. तो कोट सतरा वर्षं त्यांच्या नावावर राहिला. निवृत्तीच्या वेळी ना-हरकत दाखला त्याच्यापायी अडला, तेव्हा त्यांनी क्रमांकवार तुकडे काढले, लाखेचा लिफाफा फोडला आणि बायकोने दोन रात्रींत कोट पुन्हा पुरा केला. भांडारात आता कमरेवर शिवण असलेला एक कोट आहे. नवीन भांडारपालाला ती शिवण कशाची, हे माहीत नाही.

नमुना चौदा छापून आले, पण पाठवायचं राहून गेलं. यादीतलं बायकोचं नाव कोणी काढलं नाही.

परवाच्या थंडीत त्या बाळाने स्वतःचं बाळ माहेरी आणलं. कडक गादी जमिनीवर घातली, भिंतीपासून दूर. पिवळं पडलेलं परिपत्रक पावतीसाहेबांनी नवीन कागदावर उतरवलं, एकही कलम न बदलता. मुलीच्या अंगात आजीने अर्धा टाकलेला तो बारावा कोट आहे. आणि रोज रात्री केव्हातरी आतल्या खोलीचं दार हळूच उघडतं. म्हातारी बाई वाकते, नातवाच्या मानेमागे दोन बोटं ठेवते, मग मुलीच्या मानेमागे ठेवते, ठीक आहे म्हणते, आणि रजई सरकली असेल तर कमरेपर्यंत खाली ओढते. झोप म्हणून सगळे तिला सांगतात. पण आदेश स्पष्ट आहे, आणि बदली पहारेकरी अजून आलेला नाही.